चाक न लागलेला ठोकळा

सितिंजाऊच्या घाटातलं सगळ्यात वाईट वळण जिथे संपतं, तिथे माझी कॉफीची टपरी आहे. वाईट म्हणजे किती, तर पाडांगच्या बंदरातून माल भरून निघालेला ट्रक इथे पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढतो, आणि एकदा थांबला की मागेच यायला बघतो. म्हणून प्रत्येक ट्रकच्या मागच्या चाकाशी क्लीनर चालत असतो. त्याच्या हातात लाकडाचा ठोकळा, वीतभर उंच, एका बाजूने उतरता, आणि वाकायला लागू नये म्हणून त्याला कमरेइतका दांडा. गाडी अडली की ठोकळा चाकाखाली सारायचा. गाडी सुटली की उचलायचा आणि पळत गाडी गाठायची. पुष्कळांचं उचलायचं राहून जातं.

हे राहिलेले ठोकळे मी गोळा करते. रोज सकाळी टपरी उघडण्याआधी वळणावर एक फेरी मारते, कारण रस्त्यात पडलेला ठोकळा एखाद्या मोटरसायकलवाल्याचा जीव घेईल. टपरीपुढच्या कठड्याला टेकवून ठेवते. परतीच्या वाटेवर ज्याचा त्याने ओळखून न्यावा. बहुतेक जण नेतात, कॉफी पितात, आणि ठोकळा सांभाळल्याबद्दल मला एखादी सिगरेट देतात, जी मी ओढत नाही आणि दुसऱ्याला देते.

ठोकळा बघून मी गाडी सांगते. सिमेंटवाल्यांच्या ठोकळ्याला खाचेत राखाडी पीठ असतं. कोळशावाल्यांचा हातात घेतला की कपडे खराब. मेदानकडचे रबराच्या झाडाचा करतात, तो हलका असतो आणि लवकर चिरतो. लोकांना वाटतं बाई फुशारकी मारते. मारते तर मारते, तेरा वर्षं या वळणावर उभी आहे.

जे ठोकळे कुणीच नेत नाही, ते रमजानच्या आधी चुलीत जातात. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर लामांग होतं. बांबूच्या नळीत चिकट भात आणि नारळाचं दूध भरून विस्तवापाशी भाजायचं, त्याला अर्धा दिवस जाळ लागतो. सुकलेलं, कडक लाकूड आयतं मिळालेलं असताना मी सरपण विकत कशाला आणू.

तर, त्या बुधवारी सकाळी मला एक ठोकळा मिळाला. रमजानला दोन आठवडे होते. लोक कबरी साफ करायला जातात ते दिवस. वळणावर कठड्याचा एक तुकडा जुन्या दगडांमध्ये नव्या सिमेंटने भरलेला आहे, अगदी त्या तुकड्याला टेकून तो उभा होता. मी उचलला, टपरीपुढे ठेवला, आणि गाडी सांगायला गेले तर मला सांगता येईना. सिमेंट नाही, कोळसा नाही, पामतेलाचा चिकटपणा नाही. लाकूड सुरियनचं, लालसर, चांगलं वजनदार. तळाला टायरचं रबर बसवलेलं, खिळ्यांची डोकी आत बुडवलेली, रबरात आडव्या चिरा पाडलेल्या. इतकं काम चाकाखाली टाकायच्या वस्तूवर कुणी करत नाही.

दुपारी तोगार आले. तोगार बाटक आहेत, म्हणजे उत्तरेकडचे ख्रिस्ती, माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना बांग, म्हणजे दादा, म्हणते, आणि ते इतर सगळ्यांसारखं मला उनी म्हणतात. उनी म्हणजे ताई. पामतेलाचा टँकर घेऊन ते आठवड्याला एकदा खाली उतरतात, आणि ब्रेक थंड होईपर्यंत माझ्याकडे बसून अंडं फेटलेला चहा पितात. आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरची माकडं ऐकायला थांबतात.

"बांग तोगार, हा कुणाचा असेल?"

"आज उनी मला विचारते," ते म्हणाले. "म्हणजे कयामत जवळ आली. गाडी न्यायची की इथेच बसून नमाज पढणाऱ्यांत सामील व्हायचं?"

"तुम्ही चर्चमध्ये जाता ना, तिथेच जा. हा बघा आधी."

त्यांनी ठोकळा मांडीवर घेतला. अंगठा फिरवला. उलटा केला, परत सुलटा केला. चहा बाजूला ठेवला, तेव्हाच मला वाटलं की काहीतरी आहे, कारण हा माणूस चहा बाजूला ठेवत नाही.

"हा हरवलेला नाही," ते म्हणाले.

"रस्त्यात मिळाला मला."

"मिळाला असेल. पण याला चाकच लागलेलं नाही, उनी. हे बघ, हा उतार. वीस टनांची गाडी एकदा जरी टेकली असती तर इथे टायरची नक्षी उठली असती. तळाचं रबर बघ, एक खडा रुतलेला नाही. हा नवा कोरा आणून ठेवलाय कुणीतरी."

"नवा ठोकळा कुणी ठेवून जाईल कशाला?"

"ते ठेवणाऱ्याला विचार. आणि हा दांडा बघितलास? उलटा कललाय. आपल्या क्लीनरच्या हातात दिला तर त्याचं मनगट मुरगळेल."

"चुकून बसवला असेल."

"चुकून एवढं सफाईचं काम होत नाही. हा डावखुऱ्याने स्वतःच्या हाताला केलाय."

चुलीवर पाणी उतू गेलं आणि विस्तव फसफसला. मी बघत राहिले, उठले नाही.

मला एक धाकटा भाऊ आहे. अस्रियाल त्याचं नाव, घरात त्याला युआंग म्हणायचे, धाकट्या पोराला म्हणतात तसं. डावखुरा. आई लहानपणी त्याचा डावा हात जेवताना मांडीखाली दाबून बसायला लावायची, तरी तो सुटायचा. शाळेनंतर तो माझ्या नवऱ्याच्या, झैनुलच्या ट्रकवर क्लीनर झाला. सात वर्षं दोघं एका ताटात जेवले. चौदा वर्षांपूर्वी याच वळणावर, ओल्या रस्त्यावर, झैनुलची गाडी अडली. युआंगने खाली उडी मारून चाकाखाली ठोकळा घातला. ठोकळ्यासकट गाडी मागे आली आणि कठडा तोडून खाली गेली. युआंग रस्त्यावर होता म्हणून वाचला. लोक पोचले तेव्हा त्याच्या हातात मोडका दांडा होता आणि तो सोडत नव्हता.

झैनुलला पुरून आल्यावर तो आमच्या दारात उभा राहिला. मी त्याला म्हणाले, "ठोकळा तुझ्या हातात होता."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवी माणूस विसरतो. तिसऱ्या दिवशी तो गेला. आमच्याकडे पुरुष बाहेर जातातच, कुणी विचारत नाही कुठे म्हणून. मीही विचारलं नाही. वर्षभराने मी वळणावर टपरी टाकली. लोक म्हणाले, नवरा गेला तिथेच बाई बसली, केवढी माया. माया होतीच. पण रस्त्यावरून जाणारी प्रत्येक गाडी मी आधी ड्रायव्हरच्या बाजूने बघायची ती कशासाठी, ते मी कुणाला सांगितलं नाही. घाटातले सगळे मला उनी म्हणतात. ज्याच्या जन्मामुळे मी पहिल्यांदा कुणाची तरी उनी झाले, तो एक सोडून.

"बांग," मी तोगारना विचारलं, "असा डावखुरा ड्रायव्हर कुणी आहे का रस्त्यावर?"

"आहे एक. हिरवी गाडी. खत घेऊन वर येतो, रबर घेऊन खाली जातो. क्लीनर ठेवत नाही, कितीही सांगा. मुआरो बुंगो शहराच्या अलीकडे एक खानावळ आहे, तिथे जेवण झालं की बसून ठोकळे तासतो आणि फुकट वाटतो. मलाही दिलाय. पण वाटतो ते उजव्या हाताचे. असा मी पहिल्यांदाच बघतोय."

"या वाटेने जातो?"

"दुसरी वाट आहे कुठे? खाली उतरतो पहाटे, तुझी टपरी बंद असते तेव्हा. वर चढतो गुरुवारी दुपारच्या आधी." मग ते माझ्याकडे बघू लागले. "या वळणावर आला की टोपी खाली ओढतो. ऊन लागत असेल म्हणून मी कधी लक्ष दिलं नाही."

तोगार गेल्यावर मी ठोकळा घेऊन बसले आणि मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षीही लामांगच्या वेळी चुलीत एक ठोकळा होता, त्याच्या तळाला रबर होतं. जळताना असा घाण वास सुटला की मी त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्या काढल्या होत्या. भाताला वास लागला म्हणून शेजारणीने तोंड वाकडं केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी एक होता, त्याला रबर नव्हतं, लोखंडी पट्टी होती. विस्तव विझल्यावर राखेतून ती पट्टी मी काढली आणि टपरीच्या दाराला अडसर म्हणून लावली. अजून आहे. त्याच्या आधी एक नुसता खाचांचा. एक खूप रुंद. तेही सुरियनचे होते, तेही रमजानच्या आधी मिळालेले, आणि ते कुणी न्यायला आलं नाही याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

माझा भाऊ दर वर्षी कबरीवर यावं तसा त्या कठड्यापाशी येत होता, आणि दर वर्षी आधीपेक्षा चांगला ठोकळा ठेवून जात होता. आणि मी त्यावर भात शिजवत होते.

आता हे सगळं एरवीही मला पुरलं असतं रडायला, पण त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. माझी मुलगी येल्नी पाडांगला औषधांच्या दुकानात काम करते. तिला एक मुलगा आवडला होता आणि मलाही तो बरा वाटला होता, जे सहसा होत नाही. आमच्यात मुलीकडचे मुलाच्या घरी मागणी घालायला जातात, आणि तिथे बोलतो तो मामा. बाप असला तरी तो बाजूला बसतो, मुलीची जबाबदारी मामाची. मागणी रमजान लागण्याआधीच्या रविवारी ठरली होती. मामाच्या जागी आमच्या कुळाचे प्रमुख, दातुक, यायला तयार होते.

शनिवारी येल्नी घरी आली, तेव्हा मी तिला ठोकळा दाखवला आणि सगळं सांगितलं. गुरुवारी हिरवी गाडी समोरून गेली तेव्हा माझी हाक इंजिनाच्या आवाजात बुडाली, म्हणून परत वर जाणाऱ्या तोगारच्या हाती निरोप पाठवल्याचंही सांगितलं.

तिने तो ठोकळा बराच वेळ हातात धरला. मामा तिला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा. ते तिला आठवतं.

"काय निरोप पाठवलास, अमाक?"

"येल्नीची मागणी घालायची आहे, मामा पाहिजे, ये म्हणून."

"बस, इतकंच?"

"आणि काय पाठवायचं, गालिचा?"

"तू त्याला काय म्हणाली होतीस ते मी ऐकलंय," ती म्हणाली. "मी दारामागे उभी होते. नऊ वर्षांची होते, बहिरी नव्हते."

चौदा वर्षं ही पोरगी माझ्याशेजारी झोपली, जेवली, भांडली, आणि हे तिने कधी काढलं नव्हतं. मी म्हणाले, "मग आत्तापर्यंत गप्प का होतीस?"

"तू रोज रस्त्याकडे बघायचीस म्हणून." तिने ठोकळा खाली ठेवला. "जाऊ दे. नाही आला तर दातुक आहेत. ते बोलतात छान."

"छान बोलणारा नकोय मला. आपला हवाय."

"मग त्याला तसं सांग. लग्नाचं निमित्त माझं कशाला?"

मला राग आला, आणि राग आला म्हणजे ती खरं बोलत होती. मी तिला भांडी घासायला पाठवलं.

पुढच्या बुधवारी तोगार उतरले. गाडीतून उतरतानाच त्यांचा आवाज लहान होता, तेव्हाच मी ओळखलं.

"भेटला," ते म्हणाले. "मी सगळं सांगितलं. मुलीचं, मागणीचं, रविवारचं. त्याने ऐकून घेतलं. हातातला ठोकळा पुरा केला. मग म्हणाला, चढताना तिथे गाडी थांबत नाही, उनीला माहीत आहे."

"आणि उतरताना?"

"तेच मी विचारलं. तो दुसरा ठोकळा तासायला बसला." तोगारनी चहाचा पेला फिरवला. "एक सांगू का? माणूस यायला नाही म्हणत नव्हता. त्याला उतरून तुझ्यासमोर उभं राहता येत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

आधी मी खूप बोलले. भावाला बोलले, तोगारना बोलले, अंडं महाग झालंय त्यालाही बोलले. तोगारनी चहा संपवला. बोलून संपल्यावर माझ्या मनात त्याचं ते वाक्य राहिलं. चढताना तिथे गाडी थांबत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. भरलेली गाडी या वळणावर आपण होऊन थांबूच शकत नाही. थांबते ती एकाच वेळी, चाकामागे ठोकळा घेऊन कुणी उभं असेल तर. आणि त्याच्या चाकामागे चौदा वर्षांत कुणी नव्हतं, कारण त्याने कुणाला उभंच राहू दिलं नव्हतं.

"बांग," मी म्हणाले, "तुमची गाडी उभी आहे तोवर मला ठोकळा घालायला शिकवा."

"कयामत खरंच जवळ आली," तोगार म्हणाले, पण उठले.

क्लीनरच्या खुणा मला पाठ होत्या. ठोकळा डोक्यावर धरला म्हणजे ब्रेक दाब, मी घालतोय. फाळक्यावर दोन थापा म्हणजे चाक धरलंय, ब्रेक सोड. एक थाप म्हणजे ठोकळा काढला, निघ. पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. उजव्या हाताने धरला की दांडा पायात यायचा. डाव्या हाताने धरला तेव्हा तो बरोबर बसला, जणू माझ्या शेजारी उभं राहून कुणी मूठ धरली होती. तोगारच्या उभ्या गाडीला मी पंचवीस वेळा ठोकळा घातला. त्यांचा क्लीनर कठड्यावर बसून हसत होता. त्याला मी नंतर शिळी केळ्याची भजी दिली.

गुरुवारी येल्नीने रजा घेतली. तिला मी टपरीतलं लाल फडकं देऊन वळणाच्या खालच्या टोकाला उभं केलं. हिरवी गाडी गेली की मागच्या गाड्या तिने तिथेच रोखायच्या. आकाश मोकळं होतं. रस्ता कोरडा होता आणि खाली लांब समुद्र दिसत होता.

अकराच्या सुमाराला इंजिनाचा आवाज आला. आवाजावरून गाडी जड होती. मग वळणातून हिरवं नाक वर आलं. मी कठड्याच्या नव्या सिमेंटपाशी उभी होते. काचेमागे टोपी खाली ओढलेली होती. टोपीखालचे केस पांढरे झाले होते, आणि क्षणभर मला वाटलं की हा कुणी वेगळाच म्हातारा आहे. मग त्याने गिअरच्या दांड्यावरचा डावा हात उचलून घाम पुसला. युआंगच.

मी ठोकळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

गाडी चालत राहिली. माझ्यासमोरून गेली. त्याने बघितलं की नाही, मला कळलं नाही. मागचं चाक माझ्यापर्यंत आलं, मी चाकाबरोबर चालायला लागले, ठोकळा तसाच डोक्यावर, पन्नाशीची बाई, पायात घरातल्या चपला. आणि मग ब्रेकची हवा सुटल्याचा आवाज आला. गाडी उभी राहिली.

मी ठोकळा चाकाखाली सारला. पायाने आणखी ठोकला. दांडा डाव्या हातात धरून उजव्या हाताने फाळक्यावर दोन थापा मारल्या.

त्याने ब्रेक सोडला नाही.

परत दोन थापा मारल्या. इंजिन घुरघुरत होतं. खालून भोंगे सुरू झाले होते. मग काचेतून आवाज आला, चौदा वर्षांनी, जरा जाडा झालेला.

"उनी, बाजूला हो तिथून."

"ब्रेक सोड."

"बाजूला हो आधी. मी गाडी पुढे काढतो."

"पुढे काढायला नाही थांबवली," मी म्हणाले. "ठोकळा माझ्या हातात आहे, युआंग. सोड तू."

मग त्याने ब्रेक सोडला.

गाडीचं सगळं वजन मागे आलं. चाकाने ठोकळा दाबला, लाकूड करकरलं, दांडा माझ्या हातात थरथरला, आणि मग ठोकळा घसरला. कोरड्या रस्त्यावर, नव्या रबरासकट, माझ्या पूर्ण ताकदीसकट तो मागे सरकायला लागला. मी दांडा घट्ट धरला होता. त्या धरण्याने काहीही होत नव्हतं. माझ्या हाताला तिथे काही कामच नव्हतं. मग रबर धरलं. गाडी थांबली.

त्याने इंजिन बंद केलं, उतरला, आणि चाकापाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात होती. माझ्याकडे बघत नव्हता, ठोकळ्याकडे बघत होता.

"घसरला," मी म्हणाले. "मी नीट घातला होता. पायाने ठोकला होता. तरी घसरला, युआंग."

तो खाली बसला. रस्त्यावर ठोकळ्याने ओढलेला काळा पट्टा होता, त्यावर त्याने डाव्या हाताची बोटं आडवी ठेवून मोजलं.

"चार बोटं," तो म्हणाला. "गेल्या वर्षीच्या घडणीचा सहा बोटं घसरायचा."

"गेल्या वर्षीचा मी जाळला."

त्याने वर बघितलं.

"सगळे जाळले," मी म्हणाले. "मला कळलं नाही कुणाचे ते. लामांग केलं त्यांच्यावर."

"कसं झालं होतं?"

"रबराचा वास लागला होता."

त्याचा चेहरा हलला. हसतोय की काय मला कळेना, आणि मग तो रस्त्यावर बसूनच रडायला लागला, टोपीत तोंड घालून, लहानपणी आई डावा हात दाबून ठेवायची तेव्हा रडायचा तसा, आवाज न करता. मी दांडा सोडला नाही. एका हाताने दांडा धरला आणि दुसरा त्याच्या डोक्यावर ठेवला. मी त्याला म्हणाले की तेव्हा मी जे बोलले ते चूक होतं, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं, आणि माझ्याच्याने आत्तापर्यंत म्हणवलं नाही.

खाली गाड्यांची रांग लागली होती. सगळे एकदम भोंगे वाजवत होते, कुणीतरी आईबहिणीवरून ओरडत होतं. त्या सगळ्यांच्या वर येल्नीचा आवाज येत होता. ती लाल फडकं हलवत एकेका ड्रायव्हरला सांगत होती की गाडी बंद करा, वेळ लागेल, माझा मामा उतरलाय.